कारखान्यातला पीसी बसला आणि 11 तारीख तोंडावर

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापूरला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिसमधल्या एकाच पीसीवर सगळं, म्हणजे टॅलीचा हिशोब, बिलं, जकार्डची (मागावर नक्षी विणायच्या यंत्राची) डिझाइन्स, बँकेला दिलेली पत्रं, आणि घरच्या लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून टाकून ठेवलेले ताईच्या लग्नाचे फोटो. मे महिन्याची 8 तारीख, सकाळी लाइट गेली, आली, परत गेली असं तीनदा झालं (यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कधीच मेलीय, नुसता टीं टीं करतो) आणि त्यानंतर पीसी लावला तर निळी स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग रीस्टार्ट, मग परत निळी स्क्रीन. देवळाला प्रदक्षिणा घालतात तसं तास-दीड तास तेच.

आप्पांचं एकच, "11 ला जीएसटीआर-वन भरायचाय, एप्रिलची बिलं त्यातच हायत." त्यांना कॉम्प्युटरचं काही पडलेलं नसतं, पण विक्रीच्या या जीएसटी रिटर्नची तारीख चुकलेली चालत नाही.

एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडं नेला, त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला फॉरमॅट मारावं लागंल मालक, डेटाची गॅरंटी नाही. खरं सांगायचं तर त्यानं निदान आधी सांगितलं. मी पीसी उचलून घरी आणला आणि घरी आल्यावर त्याच्याहून मोठा गाढवपणा मी स्वतः केला, रिपेअरच्या स्क्रीनमधून कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची कमांड) लावलं, स्लॅश आर टाकून, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं. दोन तास 11 टक्क्यांवर अडकलं आणि हार्डडिस्कमधून कट्... कट्... असा आवाज यायला लागला, धोटा मागाच्या कडेला अडकल्यावर येतो तसा. पुण्याला आयटीत असलेल्या मित्राला फोन लावला तर तो ओरडलाच, "काय बे, मरायला टेकलेल्या माणसाला जिना चढायला लावतो का?" डिस्क खराब होत असेल तर चेकडिस्क तिचा कोपरा न् कोपरा वाचायला जातं, वर दुरुस्ती म्हणून तिच्यावरच लिहितं, म्हणजे जी थोडी धुगधुगी असते ती त्यातच संपते. आधी डेटा बाहेर काढ, मग काय करायचं ते कर, असं त्याचं म्हणणं. बंद केलं ताबडतोब.

मग माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची (विंडोजसारखीच दुसरी फुकटची सिस्टीम) आयएसओ फाईल उतरवली, तीन जीबीच्या आसपास, आणि रुफस नावाच्या ॲपनं 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली. यात एकच लक्षात ठेवायचं की पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, आमच्याकडं त्यात भजनं होती, गेली. पीसी चालू होताना बूट मेनूचं बटन दाबायचं, आमच्या मदरबोर्डला एफ 11, बाकीच्यांना एफ 12, एफ 9 असं काहीतरी असतं, आणि त्यात पेन ड्राइव्ह निवडायचा. विंडोजला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच अख्खी सिस्टीम उठते. डेस्कटॉपवर इन्स्टॉल लिनक्स मिंट असं चिन्ह असतं, त्याच्याकडं ढुंकूनही बघू नको, हे मित्रानं तीनदा बजावलं.

त्याआधी कॅबिनेट उघडलं होतं, ते सांगायचंच राहिलं. आत सुताचा भुगा, करडा, पंख्यावर नमद्यासारखा बसलेला, बोटानं ओढला तर अख्खी पट्टी निघाली. कारखान्याच्या ऑफिसचं दार माग चालू असताना उघडंच असतं, दुसरं काय होणार. हार्डडिस्क चटका बसावा इतकी गरम. रात्रभर कॅबिनेट उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावला.

मिंटमध्ये डिस्क्स नावाचं ॲप आहे, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघितला तर करंट पेंडिंग सेक्टर 184. निरोगी डिस्कला तिथं शून्य असतं, म्हणजे 184 ठिकाणी डिस्कलाच वाचता येत नव्हतं. सी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला, विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं, म्हटलं बरंच झालं, चुकून काही लिहिलं जायला नको. एक्स्टर्नल डिस्क लावली आणि आधी काय घ्यायचं ते कागदावर लिहून काढलं, कारण डिस्क मध्येच गेली तर जे पहिल्यांदा घेतलं तेवढंच आपलं.

डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट्स घेतलं, डी ड्राइव्हवरची डिझाइन्स घेतली, आणि टॅली सापडेना. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय कारण इथंच बहुतेकांचं जातं. जुनी टॅली ईआरपी नाईन, तिचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच, सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरमध्ये डेटा नावाचा फोल्डर आणि त्यात 10000, 10001 असे नुसते आकडे. कंपनीचं नाव कुठंच नाही, आत फायली .900 एक्स्टेन्शनच्या. बघून वाटतं हा सॉफ्टवेअरचा कचरा असेल. मी तर प्रोग्रॅमच्या फायली कशाला घ्यायच्या म्हणून तो फोल्डर सोडूनच देणार होतो. अख्ख्या धंद्याचा हिशोब त्या आकड्यात, आणि साइज किती, तर 400 एमबीसुद्धा नाही.

फोटोंना रात्र गेली. पहाटे चारला बघितलं तर ताईच्या हळदीच्या फोल्डरवर इनपुट आउटपुट एरर. स्किप केलं.

सकाळी कारखान्यात सांगितलं तर आमच्याकडं चाळीस वर्षं माग चालवणारे काका हसायला लागले. मागच्या शेडमध्ये जुन्या जकार्डची पुठ्ठ्याची पंच कार्डं अजून खिळ्याला टांगलेली आहेत, ती दाखवून म्हणाले, "हे बग, धूळ झटकली की चालू." यावर काय बोलणार.

जुनी डिस्क फॉरमॅट करायचीच नाही असं ठरवलं. नवी पेठेतून 256 जीबीची एसएसडी आणली. टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली, कारण दोन्ही लावलेल्या असल्या तर विंडोजचा सेटअप कधी कधी बूटच्या फायली जुन्या डिस्कवर टाकतो आणि पुढं ती काढली की नवीनही उठत नाही. विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय म्हणून इलेव्हन घेतलं, तर ते म्हणतं तुमचा पीसी चालणार नाही. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा, चालायला पाहिजे होता. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाचा पर्याय बंद होता, तो चालू केल्यावर इलेव्हनला लागणारं टीपीएम, म्हणजे सुरक्षेची सोय, सापडलं आणि गाडी पुढं सरकली. वायफायच्या डोंगलचा ड्रायव्हर नव्हता, तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग केलं, लगेच नेट आलं. लायसन्स की मागितली तिथं माझ्याकडं की नाही असं दाबलं, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं होतं, नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

टॅली टाकली, डेटाचा रस्ता दाखवला, कंपनी आली. आप्पांनी एप्रिलचं शेवटचं बिल उघडून आकडा पावतीबुकाशी ताडून बघितला, मगच चहा घेतला. पण टॅलीचं लायसन्स नवीन सिस्टीमवर परत चालू करायला जी अनलॉक की लागते ती गेली ईमेलवर, आणि तो ईमेल होता तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा. माणूस चांगला, फोन उचलला, पण त्याला स्वतःचा पासवर्ड आठवेना, अर्धा दिवस त्यात गेला.

बँकेची जुनी पत्रं उघडली तर सगळं एबीसीडीचं कडबोळं. ती युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, फॉन्ट नाही म्हटल्यावर मराठी दिसणार कुठून. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो उचलावा लागला, म्हणजे डिस्क परत एकदा लावली, जीव मुठीत धरून. क्रोमचं प्रोफाईल कॉपी केलेलं, त्यातून बुकमार्क आले, पासवर्ड नाही आले, ते जुन्या विंडोजच्या अकाउंटनं कुलूपबंद असतात म्हणे. जीएसटीचा पासवर्ड कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहिलेला होता, तो दोन पासवर्डांपूर्वीचा निघाला. ओटीपी मागवून नवीन केला.

11 तारखेला संध्याकाळी सातला रिटर्न गेलं. यूपीएसला नवी बॅटरी बसवलीय. जुनी डिस्क आप्पांनी टॉवेलच्या सेकंड पीसमध्ये गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवलीय, वर मार्करनं "हात लावू नये". हळदीचे फोटो त्यातच आहेत, मित्र म्हणतो पावसाळ्यात सोलापूरला आला की डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा काढायचं टूल) लावून बघू. ताईला अजून सांगितलेलं नाही.