खोपीचा पाया आणि पाण्याची वाट

गेल्या नारळी पौर्णिमेला होडी खोपीतून बाहेर काढताना तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तुळईला घासली. आजवर कधी घासली नव्हती. वाकून बघितलं तर खाडीकडचा कोपऱ्यातला खांब चार बोटं खाली गेलेला, आणि भिंतीला माझं बोट सहज शिरेल एवढी भेग.

वाघोटन खाडीच्या काठावरची ही खोप माझ्या आजोबांनी बांधली. खांब जांभ्याच्या चिऱ्याचे, वर मंगलोरी कौलं. आजोबा तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या जागी, होडी चालवायचे आणि पावसाळ्यात ती इथे शाकारलेली असायची. बाबा गेल्यापासून खोप मीच बघते. ती पडू द्यायची नाही, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने पायाच्या बाहेरून सिमेंटचा जाड थर मारून दिला होता. तेव्हा आम्हाला वाटलं, आता चिंता मिटली. पण भरतीला पाणी जमिनीतून आत शिरायचंच. ओहोटी लागली की खाडी खाली जायची आणि भिंतीमागचं पाणी अडकून बसायचं. ते भिंतीला बाहेर रेटायचं आणि मिळेल त्या फटीतून, कुर्ल्यांच्या बिळांतून, माती घेऊन निघायचं. सिमेंट फोडलं तेव्हा मागचा चिरा हाताने चुरता येत होता. तांबडी भुकटी आणि तिच्यात मिठाचे पांढरे कण. सिमेंटमागे ओल कोंडली, मीठ चिऱ्यातच फुललं आणि त्याने दगड आतून फोडला.

गवंडीकाका आले, सगळं फिरून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पाण्याक वाट दी, ता गप जातलां. अडवलंस तर भिंत घेवन जातलां."

मग पहार घेऊन दर दोन हातांवर ठोकून बघितलं. जमिनीकडे अडीच फुटांवर कातळ लागला, ठण्ण आवाज आला. खाडीकडे पहार आख्खी चिखलात गेली तरी कातळ नाही. एकच खोप, पण तिचा अर्धा भार कातळावर आणि अर्धा चिखलावर. खांब का खचला ते तिथेच कळलं.

कामाची वेळ तिथीवरून धरली. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीया म्हणजे सव्वादोनला भरती, मग सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी साडेआठच्या सुमारास. अष्टमीला सुकती ऐन दुपारी येते, पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेला दिवस, पाणी फार खाली जातच नाही. अमावास्येला पाणी खूप ओसरतं, पण पहाटे सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. म्हणून माघातल्या द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस धरले. उधाणाचा जोर अजून असतो आणि सुकती सकाळच्या उजेडात मिळते. दिवसाला चारेक तास काम, आणि रोज पाऊण तास पुढे सरकायचं. ते दिवस संपले की पुढच्या पंधरवड्याची वाट बघायची.

एका वेळी एकच खांब. आधी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू, गॅरेजमधून आणलेले दोन जॅक, आणि भार अलगद उचलायचा. एका दिवसात बोटभरापेक्षा जास्त नाही, नाहीतर कौलं सुटतात. मग खांबाखालचे सडके चिरे काढून खाली काळ्या दगडाचे मोठे धोंडे. सगळ्यात खालचा थर रुंद आणि वर येताना पायरीपायरीने अरुंद, म्हणजे चिखलावर भार पसरतो. भरतीच्या पाण्यात बुडणारा भाग आम्ही गडग्यासारखा सुकाच रचला, चुना नाही, सिमेंट नाही. धोंड्यांच्या मागे खडी आणि तिच्या मागे जाड रेती. पाणी यातून ये-जा करतं, माती मागे राहते.

पाण्याच्या वर मात्र चुना. कळीचा चुना विरवून पंधरा दिवस पाण्याखाली ठेवला होता. नुसता चुना ओलीत घट्ट होत नाही, म्हणून विटांची सुरखी. मी स्वतः विटा कुटल्या, तळहात आठवडाभर तांबडे होते. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर मी बघितलंय, लाटांनी दगड झिजून आत गेलेत आणि सांध्यांतला चुना जाळीसारखा बाहेर उभा आहे. त्या दिवसापासून चुन्यावर माझा विश्वास आहे.

जवळची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आम्ही एकही तोडलं नाही. 2005 साली उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली, पण ती नसती तरी मी हात लावला नसता. उत्तरेकडच्या बाजूला तिवरं दाट आहेत आणि तिथला एकही खांब हललेला नाही.

पाच खांब झाले. काम झाल्यावर पहिल्या उधाणाला मी ओहोटीच्या वेळी पायापाशी जाऊन बसले. धोंड्यांच्या सांध्यांतून पाणी गढूळ, तांबूस येत होतं आणि माझा जीव वर-खाली होत होता. दुसऱ्या दिवशी कमी तांबूस. चौथ्या दिवशी ओंजळीत धरलं तर माझ्या हातावरच्या रेषा त्यातून दिसत होत्या.

खाडीकडचा एक खांब अजून राहिलाय. तो दिवाळीनंतर.