तार सोन्याची, भिंत विटेची

इंदुरात पोह्यांवरून वाद होत नाही, वर भुरभुरायच्या मसाल्यावरून, जिरावणावरून होतो. किती घालायचं, शेवेच्या आधी की नंतर. घरी जरा बरी साउंड सिस्टीम बाळगणाऱ्या मंडळींचंही तसंच. गाणं कोणाचं ऐकायचं यावर चटकन एकमत होतं. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात ते व्हायलाच हवं. भांडण पेटतं ते ॲम्प्लिफायरच्या पाठीमागून निघणाऱ्या तारेवरून: महागड्या तारेने गाणं खुलतं की नाही.

तेव्हा तारेचा हिशेब आधी उरकू. महाराणी रोडवर, विजेच्या सामानाच्या बाजारात, अडीच एमएमची तांब्याची वायर मिळते, गीझरच्या पॉइंटला ओढतात तीच. (म्हणायचं एमएम आणि समजायचं चौरस मिलिमीटर, ही बाजाराची रीत.) तिचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे 0.075 ओहम. पुढे स्पीकर 8 ओहमचा. आवाजात घट किती? 0.08 डेसिबल (आवाज किती मोठा, त्याचं हे माप). एवढा फरक ओळखणारा कान अजून जन्माला यायचा आहे. महागड्या तारेवर बाण छापलेला असतो, म्हणे सिग्नलची दिशा. डग्ग्याचा घुमारा सेकंदाला शंभरेक वेळा दिशा पालटतो. त्याला बाण वाचायला सवड कुठली? आणि भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या मीटरभर पॉवर केबलवर हजारो रुपये घालणं म्हणजे इंदूरला दूर जलूदहून डोंगर चढून आलेलं नर्मदेचं पाणी शेवटच्या वीतभर चांदीच्या तोटीतून पिणं.

तारेत खरोखर चुकतं ते वेगळंच. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागतात. मग दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज पातळ होतो आणि गायक मध्यभागी बसायचा सोडून खोलीभर सांडतो. ‘स्पीकर कोरडा आहे’ अशी तक्रार आली की नवं सामान आणण्याआधी हे बघावं. ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवायची आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस लाल टोकाला असताना वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. दुसरी चूक म्हणजे सोललेल्या टोकातला एखादा तांब्याचा केस निसटून शेजारच्या टर्मिनलला चिकटणं. त्यात ॲम्प्लिफायरचा आउटपुट जळतो. टोकाला पीळ देऊन लग (धातूची छोटी टोपी) लावली की काम झालं.

पण महागड्या सामानावर श्रद्धा असणाऱ्यांची प्रत्येक गोष्ट थोतांड नसते, हेही कबूल करायला हवं. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर ‘वेगळा’ वाजतो असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो, कारण मात्र चुकीचं सांगतो. 8 ओहम हे स्पीकरचं नुसतं पाळण्यातलं नाव. प्रत्यक्षात त्याचा रोध सुरागणिक बदलतो, कुठे 5 ओहम, कुठे 30. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट रोध नगण्य असतो, त्यामुळे त्याला या चढउताराचं सोयरसुतक नाही. व्हॉल्व्हवाल्याचा बरेचदा एक-दोन ओहम भरतो. मग स्पीकरचा रोध जिथे वाढतो तिथे आवाज थोडा फुगतो, पडतो तिथे दबतो. शिवाय हा ॲम्प्लिफायर मूळ सुराला दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराचा, पुसटसा रंग लावतो. तंबोऱ्याला हे मानवतं. ऊब आवडली तर खुशाल घ्यावी. फक्त तिला ‘शुद्धता’ म्हणू नये. ती फोडणी आहे.

ऐकूनच निकाल लावायचा असेल तर एक पथ्य पाळावं लागतं आणि तेच कोणी पाळत नाही. दोन यंत्रांचा आवाज तंतोतंत सारखा हवा. अर्धा डेसिबल मोठं वाजणारं यंत्र माणसाला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. दुकानात नेमकं हेच होतं. घरी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावावा आणि 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा, सलग सूर सोडावा. स्वस्तातले मल्टिमीटर घरच्या 50 हर्ट्झ विजेसाठी बनवलेले असतात, हजार हर्ट्झवर ते काहीही सांगतात. एकावर 2.00 व्होल्ट आले तर दुसऱ्यावर 2.02 च्या आत आणायचे. म्हणजे फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो. मग ऐकणाऱ्याची पाठ यंत्राकडे, अदलाबदल तिसऱ्याच्या हाती आणि ती दोन-चार सेकंदांत, कारण नादाची बारीक आठवण त्याहून फार टिकत नाही. कुठलं यंत्र वाजतंय ते ओळखायचे असे दहा डाव खेळायचे. नाणं उडवूनही पाच बरोबर येतात. नऊ किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता मात्र शंभरात एक. नऊ आले तर त्या कानाला नमस्कार करावा. सहा आले तर चहा मागवावा.

एवढं होऊनही जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ती म्हणजे खोली. दहा बाय बाराची, दहा फूट उंच. इंदुरातलं राजेंद्र नगर असो की लोकमान्य नगर, हे माप कोणालाही ओळखीचं वाटेल. ध्वनीचा वेग, सेकंदाला 343 मीटर, समोरासमोरच्या भिंतींतल्या अंतराच्या दुपटीने भागला की खोलीचा स्वतःचा सूर मिळतो; तो वाजला की खोली त्याला फुगवते. बारा फुटांचा 47 हर्ट्झ, दहा फुटांचा 56. रुंदी आणि उंची दोन्ही दहाच, म्हणून 56 चा फुगवटा एकावर एक दोन थर. वर त्यांच्या पटी, 94 आणि 112. आता विलंबित झुमरा तालात तबलजी डग्ग्यावर मनगट घासून मींड काढतो तेव्हा ती या पायऱ्यांवरून जाते; एक सूर दाणकन उसळतो, पुढचा गायब. दोष ॲम्प्लिफायरला लागतो.

त्यातही दिवाण भिंतीला टेकवलेला. भिंतीपाशी हे सगळे फुगवटे कमाल असतात. खोलीच्या अगदी मध्यावर बसलं तर 47 चा पत्ताच लागत नाही. बारा फुटांच्या लांबीत डोकं भिंतीपासून साडेचार फुटांवर आणलं की बराच समतोल येतो. वेगळा सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) असेल तर उलटा उपाय आहे: तो आपल्या बसायच्या जागी ठेवावा आणि आपण भिंतीकडेने रांगावं. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल ती त्याची जागा. पाहुणे आलेले असताना हा प्रयोग टाळावा.

स्पीकर आणि त्यामागची भिंत यांचंही एक गणित आहे. वूफर भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर असला तर परतून येणारी लाट 143 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाते. पुरुषी आवाजाचा पाया नेमका तिथेच. दोन-दोन इंच पुढेमागे सरकवत ऐकायचं, दुसरी युक्ती नाही. या सरकवण्याने जेवढा फरक पडतो तेवढा दहा हजारांच्या तारेने पडत नाही आणि ते फुकट असतं. बहुधा म्हणूनच त्याला मान नाही.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना हात जोडावेत. 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला ट्रे दिसतही नाही. माळ्यावरच्या जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या तर त्याहून पुष्कळ बरं. कोटा फरशीवर स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये जाड सतरंजी हवीच. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवायला सांगावं. बसल्या जागेवरून आरशात ट्वीटर (स्पीकरमधला तार सूर वाजवणारा छोटा पडदा) दिसला की तिथे गोधडी लटकवायची. आणि लोखंडी कपाट! 30 ते 200 हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर लावला की त्याचं दार, वरची बॅग, फळीवरचे स्टीलचे पेले आपापली हजेरी देतात.

एलपीवाल्यांशी, म्हणजे काळ्या तबकड्या ऐकणाऱ्यांशी, वाद घालू नये, त्यांचा आनंद निराळा आहे. पण एक गोष्ट ख्याल ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम 21. कमी जागेत तेवढाच आवाज कोंबल्यामुळे शेवटी बारीक तपशील फाटतो. आणि आपल्याकडे विलंबित आधी, द्रुत शेवटी. म्हणजे खाँसाहेबांच्या मारवा रागाच्या तबकडीवर निवांत आलापांना ऐसपैस जागा आणि तानांच्या वाट्याला सगळ्यात अरुंद गल्ली! सीडीवर ही अडचण नाही. सुईचा भार कमी ठेवला की तबकडी झिजत नाही, हाही गैरसमजच. कंपनीने दोन ग्रॅम सांगितला असेल तर दोनच हवा. हलकी सुई उडते आणि खाचेच्या भिंतींना टवके पाडते. भार मोजायला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागतो. इंदूरच्या सराफ्यात, सोनारांच्या बाजारात, दुपारी गेलं तर दर दुकानात तसला दिसेल. रात्री मात्र तिथे भुट्ट्याचा कीसच.

घुंग आवाज येत असेल तर पहिल्यांदा सेट-टॉप बॉक्सची केबल उपटून बघावी. थांबला तर अर्थिंगचं वर्तुळ झालंय. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत. प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नये. गुणगुणीऐवजी चरचर असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तपासावा.

पंख्यावरून आठवलं. सिस्टीमचा पायाभूत गोंगाट उणे शंभर डेसिबल की उणे एकशेदहा, यावर खडाजंगी चाललेली असते तेव्हा डोक्यावर पाच नंबरवर पंखा गरगरत असतो आणि खिडकीत कूलर. तंबोऱ्याची जवारी त्या घरघरीत केव्हाच विरघळलेली असते. दोन्ही बंद करून ऐकू या, असं कोणी सुचवत नाही. मे महिना असतो.