समुद्र उजवीकडे कसा?

एका एचिंगच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या, चौकटीच्या पाठीवर जुनी चिठ्ठी होती: ‘स्खेवेनिंगन, दक्षिणेकडे पाहताना’. चित्रात समुद्र उजवीकडे, वाळूच्या टेकड्या डावीकडे, मधे ओढून ठेवलेल्या सपाट बुडाच्या मच्छीमार होड्या. स्खेवेनिंगन हे नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरचं ठिकाण. तिथेही समुद्र कोकणासारखा पश्चिमेलाच, तेव्हा चिठ्ठी बरोबर वाटली.

पण होड्यांच्या सावल्या पटेनात. त्या आखूड होत्या, म्हणजे भर दुपार. आणि पडल्या होत्या चित्राच्या आत, म्हणजे ऊन पाठीमागून. दक्षिणेला तोंड असेल तर पाठीमागे उत्तर. ५२ अंश अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेला जातच नाही. (कोकणात जूनमध्ये जातो, तिथे ही खूण फसली असती.) दहापट भिंग एका होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) धरलं आणि उलगडा झाला: एस-सी-एच ही स्खेवेनिंगनची नोंदणीची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी!

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडून चित्र काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. उघड्या रेघा खाल्ल्या जातात, त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाने छापतात. छाप उलटी येते. या चित्रकाराने समोर दिसलं तसंच पत्र्यावर काढलं होतं. खाली पेन्सिलची सही मात्र सुलटी, कारण ती छापल्यानंतर कागदावर केलेली. छापेत उजवीकडे आलेला समुद्र चित्रकाराच्या डावीकडे होता, म्हणजे तो उत्तरेकडे पाहत होता. होड्या वाळूवर का, तर तिथे बंदरच नव्हतं. ते १९०४ मध्ये झालं. डिसेंबर १८९४ च्या वादळाने वाळूवरच्या या होड्यांची फार नासधूस केली होती.

मग कागद. आम्लयुक्त माउंटने (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याने) कडेला तपकिरी पट्टा पाडला होता. आधी शाईवर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपला, टिपकागदावर शाई उतरली नाही. सहीला हात लावला नाही. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, पण बोट घासलं तर जातं. थोडी चुन्याची निवळी घातलेल्या शुद्ध पाण्यात कागद बुडवला, पाणी पिवळं झालं की बदललं. पट्टा फिकट झाला, पूर्ण गेला नाही. तो घालवायला ब्लीच वापरावंसं वाटतं, पण त्याने कागद कमजोर होतो.

सर्वांत जपावं लागतं ते वाळवताना. जड वजन ठेवलं की पत्र्याच्या कडेने कागदात उमटलेला खोलगट ठसा आणि शाईच्या उठावदार रेघा सपाट होतात, त्या परत येत नाहीत. म्हणून वर-खाली टिपकागद, त्याबाहेर फेल्ट आणि अगदी हलकं वजन. टिपकागद ओलसर लागला की बदलायचा.

नव्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘स्खेवेनिंगन, उत्तरेकडे पाहताना, छाप उलटी’. जुनी चिठ्ठीही सोबत पाकिटात ठेवली.