धाब्यावरचं ऊन

चैत्र लागला की आमच्या अमळनेरकडे धाब्याधाब्यावर, म्हणजे घरांच्या सपाट छतांवर, खाटा चढतात. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजतो, त्यात लसूण, तीळ, मिरची पडते आणि गल्लीतल्या बाया ओल्या फडक्यांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायला बसतात. लग्नानंतर सहा उन्हाळे मीही बसले. सातव्या उन्हाळ्यात माझे गाल लाल झाले ते उतरेचनात.

वांग आहे, म्हणाले सगळे. सकाळी बोटं वळेनात, तर संधिवात. केस मुठीमुठीने जायचे, तोंड आलेलं असायचं, संध्याकाळी बारीक ताप. दर तक्रारीला नवा डॉक्टर, नवं मलम. असं दीड वर्ष गेलं. शेवटी नाशिकच्या डॉक्टरबाईंनी मला खिडकीपाशी नेऊन निरखलं. चट्टा दोन्ही गालांवर, नाकावरही. पण नाकापासून ओठाकडे उतरणारी घडी कोरी. तेवढ्यावरून त्यांनी एएनए, डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी लिहून दिली. ल्यूपस निघाला. शरीराची रोगांशी लढणारी फौज आपल्याच शरीरावर उलटते, तो हा आजार.

दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, असं त्यांनी सांगितलं. उन्हाचं गणितही समजावलं. अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला ऐवज उघडा पडतो, आणि माझ्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं (त्याच फौजेच्या हत्यारांचं) वैर नेमकं त्या ऐवजाशी. म्हणून चेहऱ्यावर घेतलेलं ऊन पुढे गुडघ्यांत निघतं. आभाळ भरून आलंय म्हणून एका आषाढात मी कपाशीच्या निंदणीला गेले होते. ढगांतूनही किरणं येतात, हे त्यानंतर आठवडाभर अंथरुणात पडून शिकले.

दुसरी चूक त्याहून मोठी. ‘स्टेरॉइड वाईट, हाडं जातात,’ असं घरच्याच एकाने मायेने सांगितलं आणि मी गोळी आपल्या मनाने बंद केली. महिन्याभरात पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. बायोप्सी, मोठी औषधं, धुळ्याहून नाशिकच्या एसटीच्या किती खेपा! ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, बायांनो. कमी करायची तर तेच टप्प्याटप्प्याने करतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्यूपसची गोळी रोज चालूच आहे. तिचा डोळ्यांच्या पडद्याला त्रास होऊ शकतो, म्हणून तो तपासून घेते. मार्च २०२०मध्ये करोनावर चालेल म्हणून लोकांनी ती उचलली, तेव्हा चार दुकानं फिरून पंधरा गोळ्या मिळाल्या. त्या रात्री मी त्या तीनदा मोजल्या.

सगळ्यात अवघड मात्र थकवा. तो दिसत नाही. लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच, ‘तुले काय व्हयनं व, चांगली ते दिखी ऱ्हायनी!’ त्या वेळी तिथेच बसून रडावंसं वाटतं.

सासूबाई कधी असं बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी घाटा पहाटे चारलाच चुलीवर चढवला, धाब्यावर बल्ब ओढला आणि मला हाक मारली. सूर्य वर यायच्या आत माझ्याकडून चार फडकी थापून झाली, मग त्यांनीच मला खाली पाठवलं. दिवे लागल्यावर वाळलेली फडकी माझ्या पुढ्यात आली. मागून पाणी शिंपडून बिबडे सोडवायचे. तोवर बोटंही मोकळी झालेली असतात. यंदा भिजवण घालायच्या आधीच त्यांनी गल्लीत सांगून ठेवलंय, सोलायला आमची सून आहे.