सरळ गेलेली नर्व्ह

"मॅडम, उजवीकडची रिकरंट नर्व्ह सापडत नाहीये."

चौथ्या टेबलावरची ती मुलगी पाऊण तास मानेवर वाकून काम करत होती. मृतदेह उघडून शरीररचना शिकवतात त्या डिसेक्शन हॉलमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तोंडात तयारच असतं. तेच दिलं. "सापडत नाही म्हणजे कापली गेली. साफ करताना घाई केलीत."

तिचा चेहरा उतरला. "नाही मॅडम, त्या खोबणीत मी स्कालपेल लावलंच नाही. बोथट फोर्सेपनेच सोडवत होते." मला ते खरं वाटलं नाही. वर्ष वाया गेल्यासारखा सूर माझ्या आवाजात होता, त्याची टोचणी अजून आहे.

ही नर्व्ह मला फार आवडते. व्हेगस नावाची मोठी नर्व्ह मेंदूपासून निघून मानेतून छातीत उतरते. स्वरयंत्र मानेतच आहे, पण त्याचे जवळपास सगळे स्नायू हलवणारी तिची फांदी तिथे सुटत नाही. उजवीकडे ती पार खाली, हाताकडे निघालेल्या सबक्लेव्हियन धमनीपाशी सुटते, धमनीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर चढते. डावीकडची तर छातीत, महाधमनीच्या कमानीखालून वळून येते. म्हणून ती रिकरंट, मागे फिरणारी. ग्रीक वैद्य गेलनने दुसऱ्या शतकातच दाखवलं होतं की किंचाळणाऱ्या डुकराच्या या नर्व्ह कापल्या की डुकराचा आवाज बंद होतो. एवढ्याशा दोऱ्यावर आवाज टांगलेला असतो.

मी ग्लव्हज चढवले आणि खाली वाकले. टेबलावर आजी होत्या. टॅगवर नंबर आणि वय, एवढीच त्यांची ओळख. 'आजी' हे नाव मुलांनी पहिल्याच आठवड्यात दिलेलं. खोबण साफ होती, अगदी सुरेख साफ केलेली, आणि रिकामी. कापलेलं टोक कुठेच दिसेना. नर्व्ह कापली गेली तर दोन टोकं उरतात, एक वर आणि एक खाली. इथे एकही नव्हतं.

मग लक्ष गेलं ते थायरॉइडच्या मागे आडव्या गेलेल्या एका पांढरट दोऱ्याकडे. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी आणि नर्व्ह पिवळी असते. फॉर्मॅलिनमधल्या शरीरात सगळं एकाच तपकिरी छटेचं. तिथे रंगावर नाही, बोटावर विश्वास ठेवायचा. धमनी चिमटीत दबते, आतून पोकळ लागते. नर्व्ह भरीव असते, ओल्या सुतासारखी. हा दोरा भरीव होता. मुलीने तो छोटी धमनी समजून जपून ठेवला होता. मी प्रोबने, म्हणजे बोथट सळईने, त्याच्या मागे मागे गेले. एक टोक स्वरयंत्रात शिरत होतं. दुसरं थेट व्हेगसला जाऊन मिळालं, तिथेच, मानेत. कुठेही वळसा नाही.

मी फोर्सेप खाली ठेवला. "कोणीही इथे हात लावू नका," म्हटलं, आणि तिला म्हटलं, "तू काहीही कापलेलं नाहीस. माझं चुकलं."

नॉन-रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, म्हणजे वळसा न घेता सरळ स्वरयंत्राकडे जाणारी. उजव्या बाजूला शंभरात एखाद्याच माणसात असते, काही पाहण्यांत त्याहूनही कमी. मी शिकवताना तिचा उल्लेख दरवर्षी करते; हाताखाली पहिल्यांदाच आली होती.

पण खरी गंमत पुढे होती. आजींची छाती अजून उघडलेली नव्हती. मी टेबलाभोवती जमलेल्या मुलांना म्हटलं, "छातीत काय दिसेल, आत्ताच सांगा." कुणी बोलेना. फळ्यावर गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्याचं चित्र काढलं. त्या वेळी हृदय मानेच्या उंचीवर असतं आणि त्यातून निघालेल्या धमन्यांच्या कमानी दोन्ही बाजूंनी घशाला वेढतात, माशाच्या कल्ल्यांना रक्त पुरवणाऱ्या कमानींच्याच क्रमाने. आपली ही नर्व्ह सहाव्या कमानीच्या खालून सरळ स्वरयंत्राकडे जाते. मग हृदय छातीत सरकतं आणि कमानी नर्व्हला सोबत ओढत नेतात. डावीकडे सहावी कमान टिकते, नर्व्ह तिथेच, महाधमनीच्या कमानीखाली, अडकून राहते. उजवीकडे सहावीचा तो भाग विरून जातो, नर्व्ह वर सरकून चौथीला अडकते. ही चौथी कमानच पुढे सबक्लेव्हियनचा सुरुवातीचा भाग होते. जिराफातही हेच घडतं, म्हणून त्याची डावी नर्व्ह मेंदूपासून छातीपर्यंत जाऊन परत येते, चार मीटरहून लांब प्रवास करून.

"मग ही का अडकली नाही?"

मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "अडकायला काही उरलंच नसेल." अगदी बरोबर. उजवी चौथी कमान विरली असेल, तर सबक्लेव्हियनला दुसरी वाट शोधावी लागते: महाधमनीच्या कमानीतून, डावीकडून, शेवटची फांदी म्हणून निघायचं आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जायचं. डेव्हिड बेफर्ड या इंग्लिश डॉक्टरांनी 1794 साली गिळताना त्रास होणाऱ्या एका स्त्रीच्या शरीरात हीच धमनी वर्णिली आणि त्या त्रासाला 'निसर्गाचा खेळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून नाव दिलं. बहुतेकांना मात्र आयुष्यभर काहीच जाणवत नाही.

दुपारी रिब कटरने फासळ्या कापून छातीची पुढची भिंत उचलली. फुप्फुसं बाजूला केली, कमान साफ केली. तीन फांद्या दिसायला हव्यात. मुलीने मोठ्याने मोजल्या: एक, दोन, तीन... चार. मी तिचा हात धरून अन्ननलिकेच्या मागे तिचं बोट सरकवलं. आधी मणका लागला, मग मणक्याच्या आणि अन्ननलिकेच्या मधून तिरपी वर चढणारी, जाड, पोकळ नळी.

"आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता.

सकाळी मानेतल्या जेमतेम दोन-तीन इंची दोऱ्यावरून आम्ही छातीत काय असणार हे सांगितलं होतं, आणि ते तिथे होतं. अनेक दशकांपूर्वी कुठल्याशा गर्भात वाटाण्याहून लहान देहात जे घडलं, त्याचा माग अजून जसाच्या तसा होता. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये याच खोबणीत ही नर्व्ह शोधणारे सर्जन या मुलांतूनच होणार आहेत. खोबण रिकामी दिसली की आधी मानेत आडवं बघायचं, हे त्यांना आता कुणी सांगावं लागणार नाही.

बाकीच्या टेबलांवरची मुलं बघायला आली. ती मुलगी आजींच्या डोक्याशी उभी राहून प्रत्येकाला प्रोबने दाखवत होती. मान, दोरा, कमान, चौथी फांदी. कुणी फोर्सेप पुढे केला की म्हणायची, "हात लावायच्या आधी मला विचार." संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने ओलं कापड दोनदा घडी करून मानेवर ठेवलं, आणि कडा हळूच आत खोचल्या.