जुन्या पद्मिनीने पुणे, महाबळेश्वर, महाड, भोर: तापणारे इंजिन आणि गरम असताना सुरू न होणारी गाडी

मे महिन्याच्या उन्हात कार्ब्युरेटरची जुनी गाडी घेऊन घाट चढणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे. गाडी प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणतात. मार्ग असा होता: पुण्याहून शिरवळ, खंबाटकी घाट, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड आणि परतीला वरंधा घाटाने भोर. पाण्याचे तापमान अंशांत दाखवणारा काटा गाडीत नंतर बसवून घेतलेला आहे, आणि पुढचे जवळजवळ सगळे निदान त्या काट्याच्या आधारानेच झाले.

गाडी तापते एवढेच सांगून मिस्त्रीला फारसे काही कळत नाही. ती कधी तापते हे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. सिग्नलला किंवा कोंडीत उभी असताना काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा होताच उतरत असेल, तर दोष हवेच्या बाजूला असतो: पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो, पंख्याचे पाते तुटलेले असते किंवा रेडिएटरच्या जाळीत किडे आणि माती अडकलेली असते. याउलट सपाट रस्त्यावर काटा शांत राहून चढावर इंजिनाला भार पडताच वर सरकत असेल, तर पाण्याचे अभिसरण अपुरे आहे किंवा डेल्कोचे, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, टायमिंग मागे गेले आहे (ठिणगी उशिरा पडते आहे), असे समजावे. आणि सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच पाणी उकळू लागले, तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) गेले आहे, असा संशय आधी घ्यावा.

आमच्या गाडीत दुसरा प्रकार होता. खंबाटकीच्या वळणांवर काटा नेहमीपेक्षा थोडा वर गेला, सुरूर ते वाई या सपाटीवर तो पुन्हा जागेवर आला, आणि पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागताच तो 100 च्या दिशेने सरकत राहिला. वाई सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी 1,290 मीटरच्या आसपास, म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात जवळजवळ 600 मीटर चढायचे असते. उंची वाढते तसा पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. महाबळेश्वरच्या उंचीवर साधे पाणी उघड्यावर 95 ते 96 अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते म्हणून प्रत्यक्षात आपल्याला यापेक्षा जास्त मुभा मिळते, पण झाकणाचे रबर कडक झाले असेल तर ती मुभा राहत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे हे झाकण निघण्यापूर्वीच बदलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पाचगणीला गाडी कडेला घेतल्यावर इंजिन लगेच बंद केले नाही. भार काढून रिकाम्या इंजिनाचा वेग किंचित वाढवून ठेवला, तर पाण्याचा पंप आणि पंखा फिरत राहतात आणि पाणी हळूहळू निवते. एकदम बंद केले तर पाणी जागच्या जागी थांबते आणि ब्लॉकची सगळी उष्णता त्यात उतरून तापमान आणखी वाढते. मात्र पाणी बाहेर उसळत असेल, पट्टा तुटला असेल किंवा काटा उतरायचे नावच घेत नसेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. झाकणाला मात्र हात लावू नये. वरचा होज पाईप हाताने सहज दाबता येईल इतका नरम पडेपर्यंत थांबावे, मग जाड फडक्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून वाफ जाऊ द्यावी आणि नंतरच ते काढावे. पाणी घालताना इंजिन सुरू ठेवून, कोमट पाणी थोडे थोडे घालावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो.

काटा उतरल्यावर आम्ही इंजिन बंद केले आणि निघताना गाडी सुरू होईना. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीत दम होता. एसी पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर बसवलेला आहे. सेल्फ मारताना त्याकडे पाहिले, तर त्यात पेट्रोल जवळजवळ नव्हतेच, केवळ बुडबुडे सरकत होते. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप ती वाफच दाबत आणि सोडत राहतो, आणि पेट्रोल पुढे जात नाही. जुन्या टॅक्सीचालकांचा यावरचा उपाय आजही तितकाच खरा आहे: फडके पाण्यात भिजवून, पिळून एसी पंपावर आणि नळीवर गुंडाळावे, बॉनेट उघडे ठेवावे आणि थांबावे. पंधरा-वीस मिनिटांत फिल्टर भरू लागला आणि गाडी सुरू झाली. हेच न करता ॲक्सिलरेटर दाबत सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी उतरते आणि मूळ दोषात दुसऱ्याची भर पडते.

गरम गाडी सुरू न होण्याचे याच्या अगदी उलट कारणही असते. फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या टाकीतले, पेट्रोल उकळून इंजिनात उतरते आणि प्लग ओले होतात. बॉनेट उघडताच पेट्रोलचा उग्र वास आला, तर चोकला हात लावू नये. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंतचा सुमारे चाळीस किलोमीटरचा आंबेनळी घाट उताराचा आहे आणि तिथे काटा अगदी खाली राहिला. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही जणांना असते. ती धोक्याची आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध घेतच उतरावे, नाहीतर ब्रेक तापतात.

महाडला रेडिएटरचे काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गाडी दाखवली. तिथे पोहोचून गाडी थोडी निवल्यावर मी रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवून पाहिला होता: वरचा भाग चांगला गरम होता, तर मधोमध आणि खाली डाव्या बाजूला मोठा पट्टा जवळजवळ गार लागत होता. त्या पट्ट्यातल्या नळ्यांतून पाणीच जात नव्हते. मिस्त्रीने रेडिएटर खाली उतरवला, खालचे तोंड मोकळे ठेवून वरून बादलीने पाणी ओतले आणि म्हणाला, “साहेब, घालतोय किती आणि येतंय किती, ते तुम्हीच बघा.” खालून करंगळीएवढी धार येत होती आणि पाणी वरच तुंबत होते. त्याने वरची टाकी डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, काढून उघडली, तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी चुन्याच्या पापुद्र्यासारखे पांढरे थर दिसले. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरल्यावर हेच होते. प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवून, पुन्हा डाग देऊन रेडिएटर बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. पितळ आणि तांब्याचा जुना रेडिएटर असा दुरुस्त होतो, ही त्याची मोठी सोय आहे. तो मोडीत काढून दुसरा बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी आधी हे काम करून पाहावे.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकू का, असेही विचारले. मी नको म्हटले. त्याच्याकडच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात थर्मोस्टॅट सोडला, तेव्हा तो वेळेवर आणि पुरता उघडत होता. तो काढल्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही, उलट इंजिन सतत थंड चालून झिजते आणि पेट्रोल जास्त पिते. बरोबरीने हेड गॅस्केटही तपासून घेतले: थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत नव्हते आणि ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ फेस नव्हता. ही दोन लक्षणे दिसली, तर मात्र प्रवास तिथेच थांबवावा. नवे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून भरले.

वरंधा घाटात काटा मधोमध स्थिर राहिला. वाघजाई मंदिराजवळ भजी आणि चहासाठी थांबलो, आणि तिथे गाडी पुन्हा सुरू होईना. या वेळी मात्र फिल्टर पेट्रोलने भरलेला होता, म्हणून ओल्या फडक्याच्या नादी लागलो नाही. प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरून, पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवली आणि सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. ती पिवळी आणि बारीक पडत होती. डेल्कोचे झाकण काढले, तर पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळून काळे झाले होते. हे कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग, गेल्याचे लक्षण आहे. थंड असताना तो काम देतो आणि गरम झाला की दगा देतो. बरोबर आणलेला कंडेन्सर लावला, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. रेडिएटर दुरुस्त झाल्यावर गरम गाडी सुरू न होण्याची तक्रारही आपोआप जाईल, असे धरून चालू नये. पेट्रोल आहे की नाही आणि करंट आहे की नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे.

बरोबर काय ठेवावे, तर फॅन बेल्ट, दोन्ही होज पाईप आणि त्यांच्या क्लिपा, कंडेन्सर, पॉइंटचा संच, एक प्लग, पाच लिटर स्वच्छ पाणी, सुती फडकी आणि आगीसाठी लहान अग्निशामक. साधा मल्टिमीटरही असावा: रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण 13.8 ते 14.4 दाखवत असेल, तर चार्जिंगची काळजी नाही. गरम झाल्यावर सेल्फ जड फिरत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी सोडवून, घासून पुन्हा आवळावी.

वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वेळोवेळी बंद ठेवला जातो, म्हणून जूननंतर जाणाऱ्यांनी महाडला किंवा भोरला चौकशी करूनच निघावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे एसी पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात, आणि नळी एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर ती दूर वळवून बांधावी.