आरमारातून पोलीस आयुक्तालयात: माग्नुस फॉन लेव्हेट्झो

नाविकांचं बंड म्हटलं की मुंबईकराला फेब्रुवारी १९४६ आणि कुलाब्याची 'तलवार' आठवते. त्याच्या २७ वर्षं आधी जर्मन आरमारातही बंड झालं. ज्या हुकमावरून ते पेटलं, तो पोचवणारा अधिकारी पुढे नाझी राजवटीत बर्लिनचा पोलीसप्रमुख झाला.

ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मन सरकार युद्धबंदीची बोलणी करत होतं, तरी नौदलप्रमुख शेअरने ब्रिटिशांशी शेवटची लढाई ठरवली. सरकारला सुगावा लागू नये म्हणून हुकूम तोंडी. २२ ऑक्टोबरला लेव्हेट्झोने व्हिल्हेल्म्सहाफेनच्या नौदल तळावर जाऊन तो ताफ्याचा सेनापती अॅडमिरल हिपरच्या कानावर घातला. खलाशांना कुणकुण लागलीच. 'ट्युरिंगेन' आणि 'हेल्गोलांड' जहाजांवर बॉयलरखालची आगच काढून टाकली गेली. वाफ नाही, तर जहाज हलणार कसं? मोहीम बारगळली. मोठी घोडचूक त्यानंतरची: धुमसणारा तिसरा ताफा कीलला पाठवला, म्हणजे थेट गोदी कामगारांच्या शेजारी. ३ नोव्हेंबरला मोर्चावर गोळीबार झाला, ९ तारखेला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची गादी गेली.

१९२० च्या काप बंडाला, म्हणजे प्रजासत्ताक सरकार उलथवण्याच्या फसलेल्या प्रयत्नाला, कीलहून साथ दिल्याने लेव्हेट्झोची नोकरी गेली. मग कैसरच्या पुनरागमनासाठी खटपट, आणि जुलै १९३२ मध्ये नाझी खासदारकी.

फेब्रुवारी १९३३ मध्ये हिटलरचा सहकारी गोरिंगने त्याला बर्लिनच्या पोलिसांवर बसवलं. आपलं आयुक्तालय क्रॉफर्ड मार्केटपाशी, तसं त्यांचं अलेक्झांडरप्लाट्झला. पोलीसदल कसं ताब्यात गेलं, ते इथे क्रमाने पाहावं. आधी माथ्यावरचा माणूस बदलला. १७ फेब्रुवारीला गोरिंगचा आदेश निघाला: शस्त्र चालवणाऱ्या पोलिसाला संरक्षण, कचरणाऱ्यावर कारवाई. २२ तारखेला सुमारे ५०,००० सहायक पोलीस नेमले गेले, त्यातले निम्मे एसएचे, म्हणजे नाझी पक्षाच्या गणवेशधारी टोळ्यांचे. दंडावर पांढरी पट्टी बांधली की कालचा गुंड आज पोलीस! एप्रिलमध्ये राजकीय शाखा वेगळी काढून गेस्टापो ही गुप्त पोलीस संघटना झाली. जुने हवालदार बहुतेक जागच्या जागी राहिले. मला यातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते. पदकं मिरवणारा अॅडमिरल वर बसलेला, म्हणून सगळं कायदेशीर दिसत होतं.

जुलै १९३५ मध्ये कुरफ्युर्स्टेनडाम रस्त्यावर नाझी जमावाने ज्यूंना मारहाण केली. त्याच महिन्यात लेव्हेट्झोला हटवलं. त्याच्या जागी आला काउंट हेलडॉर्फ. १९३१ मध्ये त्याच रस्त्यावर ज्यूंवर झालेल्या हल्ल्याचा म्होरक्या हाच होता.